अजून न झालेल्या प्रजातींचं आपण काय देणं लागतो?

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आमच्या पाड्यावर कुणी लवकर झोपत नाही. उन्हाळाभर बिळात दडून बसलेले खेकडे त्या रात्री बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे आम्ही, बॅटऱ्या आणि बादल्या घेऊन. काका यात पटाईत. दगडाखाली हात घालतो, पाठीवरून दोन बोटांत खेकडा धरतो, उलटा करतो आणि पोटावरची झडप नखाने उचलून बघतो. आत मोहरीएवढी पिल्लं लगडलेली असली तर ती मादी परत पाण्यात. बाकीचे बादलीत. लहानपणापासून हे बघत आलोय. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

या जूनमध्ये मी पुण्याहून सुट्टी काढून गेलो होतो, पण खेकड्यांसाठी नाही. पाड्यावरच्या पोरांना एक निवेदन लिहायचं होतं आणि त्यासाठी त्यांना माझ्याकडून एक आकडा हवा होता. तो आकडा द्यायचा की नाही, या प्रश्नात मी असा अडकलो की शेवटी हा लेख लिहायला बसलो.

आधी जागा सांगतो. सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेकडचा तालुका. इथे महाराष्ट्र संपतो आणि गुजरातचा डांग सुरू होतो. बाहेरच्यांना आम्ही माहीत असतो ते हतगडचा किल्ला, सापुताऱ्याला जाताना रस्त्याकडेला मिळणारी स्ट्रॉबेरी, किंवा २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेला शेतकऱ्यांचा मोर्चा यामुळे. तालुक्यात केम नावाचा डोंगर आहे. त्याची गंमत अशी की त्याच्या परिसरात पडलेल्या पावसाला दोन वाटा आहेत. एका उतारावरचं पाणी नार नदीत जातं, नार पारला मिळते आणि पार गुजरातेत वलसाडच्या बाजूला समुद्रात. दुसऱ्या उतारावर गिरणा उगम पावते. ती उलट्या दिशेला निघते, कळवण, मालेगाव, चाळीसगाव असं सगळं खानदेश फिरते, तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेला समुद्रात पडते. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब. एक सरळ घरी जातो, दुसरा नातेवाइकांकडे मुक्काम करत करत.

आता या दोन उतारांना जोडायचं ठरलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. खर्च सुमारे ७ हजार कोटी. आमच्या बाजूला धरणं बांधायची, पाणी पंपाने उचलायचं आणि डोंगराच्या पोटातून पलीकडे गिरणेच्या खोऱ्यात सोडायचं. विरोध करणं सोपं जावं म्हणून मी पलीकडची बाजू झाकणार नाही. गिरणेचं खोरं खरोखर कोरडं आहे. आणि आमच्याकडेही पाणी आहे म्हणजे काय, तर जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या तालुक्यांत आम्ही मोडतो आणि तरी मार्च उलटला की बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. पाऊस आमचा, पाणी कुणाचंच नाही, अशी ही अवस्था. त्यात काकाचं शेत नारच्या एका ओहोळाला लागून आहे, त्यामुळे घरात या विषयावर कुणी शांतपणे बोलत नाही.

पोरांचं म्हणणं सरळ होतं. ‘दादा, घरं किती जातील, शेतं किती जातील हे आम्ही मोजू. जंगलातल्या किती जाती नष्ट होतील ते तू सांग. तू कॉम्प्युटरवाला. आकडा असला की साहेब वाचतो.’

मी कॉम्प्युटरवाला आहे, पण नोकरीत मी लोकांचे ऑनलाइन पेमेंट अडकू नयेत एवढंच बघतो. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं. मात्र गेली दोन वर्षं मला एक नाद आहे आणि तो पोरांना माहीत होता. स्टीफन हबेल नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचं २००१ साली एक पुस्तक आलं, जैवविविधतेच्या ‘तटस्थ सिद्धांता’वर. हबेल पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर काम करायचे. तिथे ५० हेक्टर जंगलात एक सेंटिमीटरहून जाड असलेलं प्रत्येक झाड मोजून नोंदवलं जातं, १९८० च्या दशकापासून. इतकी झाडं मोजल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र फार साधा होता. समजा कुठलंच झाड कुठल्याच झाडापेक्षा सरस नाही, सगळ्यांना जगण्या-मरण्याची सारखीच संधी आहे, तर नुसत्या योगायोगाने जंगल कसं दिसेल?

हे लॅपटॉपवर करून बघणं अगदी सोपं आहे. साठ ओळींचा प्रोग्रॅम. एक लाख जागा, प्रत्येक जागी एक जीव, प्रत्येक जिवाला त्याच्या प्रजातीचा क्रमांक. दर पावलाला चिठ्ठी काढून एक जीव मारायचा. त्याची जागा उरलेल्यांपैकी कुणाच्या तरी पिल्लाने भरायची, तीही चिठ्ठी काढून. बस. आपल्याकडच्या कुठल्याही गावापेक्षा इथे जास्त समता आहे. आणि हे असंच चालू ठेवलं तर काय होतं? एकेक प्रजाती कमी होत जाते आणि शेवटी एकच उरते. ती बलवान म्हणून नव्हे, चिठ्ठ्या तशा निघाल्या म्हणून. मी पहिल्यांदा हे रात्रभर चालवलं तेव्हा सकाळी स्क्रीनवर एकाच क्रमांकाचे एक लाख जीव होते. ते बघून वाटलेली भीती अजून आठवते.

हे टाळायला एक जास्तीची ओळ लागते. पिल्लू जन्मताना फार क्वचित, समजा दहा हजारांत एकदा, त्याला आईचा क्रमांक द्यायचा नाही, नवाकोरा क्रमांक द्यायचा. हीच नवी प्रजाती. या क्वचितपणाला हबेल यांनी न्यू हे ग्रीक अक्षर वापरलं. समुदायाचा आकार आणि हा न्यू यांच्या गुणाकारावरच, त्यांच्या मते, जंगलात किती वैविध्य टिकेल ते ठरतं. एकीकडे प्रजाती संपत राहतात, दुसरीकडे न्यू नव्या घालत राहतो, आणि कुठेतरी तोल सांभाळला जातो.

आता पोरांचा आकडा. माझ्या एक लाख जिवांच्या जगात न्यू दहा हजारांत एक ठेवला तर नव्वदच्या आसपास प्रजाती टिकतात. हजारात एक केला तर सातशेच्या जवळ. लाखात एक केला तर जेमतेम डझनभर. सुरगाण्याच्या ओढ्यांसाठी खरा न्यू किती, हे कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही. म्हणजे मला पाहिजे तो आकडा मी काढू शकत होतो, वर एक छान आलेख जोडू शकत होतो, आणि तो खोटा आहे असं कुणी सिद्धही करू शकलं नसतं. कंपनीत आम्ही याला थट्टेने नॉब फिरवणं म्हणतो. इथे नॉब फिरवला तर काकाचं शेत वाचण्याची शक्यता थोडी वाढत होती. मी फिरवला नाही, पण अगदी सहज फिरवला नाही असं म्हणणार नाही. एक पूर्ण संध्याकाळ मी सातशेच्या आलेखाला रंग देत बसलो होतो.

काका शेजारी विडी ओढत होता. त्याने विचारलं, ‘हे नवं कुठून येतं?’

मी म्हटलं, ‘चिठ्ठी निघाली की येतं.’

‘एका रात्रीत?’

‘हो.’

‘असं नाही होत,’ काका म्हणाला आणि विडी विझवून झोपायला गेला.

हा संवाद आमच्या कोकणीत झाला. समुद्राकाठची कोकणी नव्हे, सुरगाणा-डांगकडच्या कोकणा लोकांची. मी तो इथे मराठीत लिहितोय. त्याबद्दल पुढे बोलतो.

काकाचा आक्षेप शास्त्रज्ञांनीही घेतला होता, अर्थात विडीशिवाय. एका पिल्लापासून एका क्षणात प्रजाती सुरू होते असं धरलं की मॉडेलमध्ये एकेकट्या जिवाच्या अल्पजीवी प्रजातींची गर्दी होते, आणि दुसरीकडे ज्या प्रजाती सर्वत्र पसरलेल्या दिसतात त्यांचं वय अवाच्या सवा निघतं. खऱ्या जगात प्रजाती घडायला वेळ लागतो. एका गटाचे दोन होतात, मध्ये डोंगर, नदी किंवा समुद्र येतो, येणं-जाणं कमी होतं, आणि हजारो पिढ्यांनी कधीतरी ते दोन गट एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखेनासे होतात.

खेकड्यांकडे परत येण्याचं कारण हेच. समुद्रातल्या खेकड्याच्या अंड्यातून आधी तरंगणारी सूक्ष्म अळी निघते आणि प्रवाहाबरोबर लांब जाते. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. त्याच्या मोठ्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाशी राहतो. काका नखाने झडप उचलून बघतो ती हीच पिल्लं. आईच्या पोटावरून उतरलेलं पिल्लू फार लांब जात नाही. म्हणून एकाच डोंगराच्या दोन बाजूंचे खेकडे पिढ्यान्‌पिढ्या भेटत नाहीत, किंवा अगदी क्वचित भेटतात, एखाद्या धो धो रात्री खिंडीतून चालत जाऊन. सह्याद्रीत खेकड्यांच्या इतक्या छोट्या टापूत राहणाऱ्या प्रजाती आहेत त्यामागे हे एक मोठं कारण. २०१४ साली इथल्या खेकड्यांच्या एका नव्या कुळाला ‘घाटियाना’ असं नाव दिलं गेलं, आपल्या घाटावरून. २०१६ साली सरड्यांच्या एका नव्या कुळाचं नाव ठेवलं ‘सरडा’. सरळ मराठी शब्द, जागतिक शास्त्रात. आणि २००३ साली केरळातून जगापुढे आलेल्या जांभळ्या बेडकाच्या नावात ‘नासिका’ आहे. नाशिकचा काही संबंध नाही, त्याचं नाक टोकदार आहे म्हणून. पण त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. डायनोसॉरच्या काळात जमीन फुटून दूर गेली आणि नातं तिथेच राहिलं.

‘सह्याद्रीत नवी प्रजाती सापडली’ या बातमीवर कुणीतरी नेहमी कमेंट करतं, ‘बघा, निसर्ग नवं घडवतोच आहे.’ सापडली नवी, घडली जुनी. नाव काल दिलं म्हणून ती काल जन्मली नाही. हा घोळ निरुपद्रवी वाटतो, पण ‘एक गेली तर दुसरी येईल’ हे सगळं समाधान त्याच घोळावर उभं आहे. मॉडेलमध्ये गेलेल्याची भरपाई होते हे खरं. पण मॉडेलचं घड्याळ लाखो पिढ्यांचं आहे. माझ्या लॅपटॉपवर तो तोल साधायला एक रात्र लागते, कारण तिथे पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही.

२०१० साली जेम्स रोसिंडेल आणि सहकाऱ्यांनी, त्यांत हबेलही होते, मॉडेल सुधारलं. नवा क्रमांक लगेच द्यायचा नाही. फाटा फुटला एवढीच नोंद करायची. ठरावीक पिढ्या तो फाटा जगला तर मगच त्याला प्रजाती म्हणायचं. मी हे माझ्या प्रोग्रॅममध्ये घातलं आणि एक गोष्ट अशी दिसली जी आधी कधी मनात आली नव्हती. सुरू झालेले बहुतेक फाटे मधेच संपतात. आणि ते संपतात तेव्हा प्रजातींच्या संख्येत काहीही बदलत नाही. ते कधी मोजलेच गेले नव्हते. शेवटी निघणाऱ्या तक्त्यात त्यांची ओळ नसते, नष्ट झालेल्यांत नाही आणि जिवंत असलेल्यांतही नाही.

डार्विनला हे ठाऊक होतं. १८५९ च्या पुस्तकात तो वाणांना, उपजातींना होऊ घातलेल्या प्रजाती म्हणतो. आपले कायदे आणि याद्या मात्र झालेल्यांनाच ओळखतात. आमच्या ओहोळातला खेकडा आणि केमपलीकडच्या ओहोळातला खेकडा समजा एकाच नावाचे असतील, तर यादीच्या दृष्टीने प्रश्नच मिटला. एका बाजूचे गेले तरी दुसऱ्या बाजूला ‘ती प्रजाती’ आहेच. पण ते फुटायला लागले असतील तर? अर्ध्या वाटेवर असतील तर? मला पोरांना द्यायचा होता तो आकडा मुळात यांचा होता, आणि यांचा आकडा असू शकत नाही.

आता खरा प्रश्न. जे अजून झालेलं नाही त्याचं आपण काही देणं लागतो का?

नाही म्हणणाऱ्याचा मुद्दा कच्चा नाही. जे अस्तित्वात नाही त्याचं नुकसान कसं होणार? तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या पुस्तकात तो माणसांच्या पुढच्या पिढ्यांबाबत विचारला: आपल्या निर्णयामुळे वेगळीच माणसं जन्माला येणार असतील, तर आपण नुकसान नेमकं कुणाचं केलं? पुढच्या प्रजातींबाबत तर हे आणखी धूसर. शिवाय बहुतेक फाटे मरणारच आहेत, हे माझाच प्रोग्रॅम सांगतो. मग मरणाऱ्याला थोडं आधी मारलं तर काय बिघडलं?

बरेच दिवस याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते त्या पावसाच्या रात्री बादली धरून उभा असताना सुचलं. काकाने एक मादी उलटी केली, झडप उचलली, पिल्लं बघितली आणि तिला पाण्यात सोडलं. मी म्हटलं, यातली किती जगतील? ‘दोन-चार जगली तर नशीब,’ तो म्हणाला. मासे खातात, बेडूक खातात, पूर नेतो. त्याला हे माझ्या प्रोग्रॅमपेक्षा नीट माहीत होतं आणि तरी त्याने तिला सोडलं. का, विचारलं तर म्हणाला, ‘पोरं आहेत ना तिच्याकडे,’ आणि थोड्या वेळाने, ‘पुढच्या साली काय खाऊ मग?’ दोन कारणं, एक मायेचं आणि एक पोटाचं, आणि त्याला त्यांत भांडण दिसत नव्हतं. बहुतेक मरतील, हे त्याला न सोडण्याचं कारण वाटलं नाही. उलट बहुतेक मरतात म्हणूनच सुरुवाती भरपूर राहू द्यायच्या असतात. एका विशिष्ट पिल्लाचं तो काही देणं लागत नाही. पण पिल्लं होत राहतील अशी जागा मोडायची नाही, एवढं मात्र लागतो.

मला वाटतं प्रजातींबाबत आपण एवढंच लागतो, आणि हे कमी नाही. वस्तूंची यादी जपणं वेगळं आणि ज्यातून वस्तू येतात ते जपणं वेगळं. धरणाच्या अहवालात यादी असते. केमचा डोंगर यादीत बसत नाही, कारण तो प्राणी नाही. तो न्यू आहे.

आणि एकही जीव न मरता हे मोडता येतं, हे मला व्हिक्टोरिया सरोवराने शिकवलं. आफ्रिकेतल्या या सरोवरात सिक्लिड माशांच्या सुमारे पाचशे प्रजाती पंधरा हजार वर्षांच्या आसपास घडल्या. प्रजाती घडण्याचा हा जगातला बहुधा सर्वांत भन्नाट वेग. विसाव्या शतकात तिथे नाईल पर्च हा मोठा मासा सोडला गेला आणि शेकड्यांनी प्रजाती गेल्या, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. कमी ऐकलेली गोष्ट दुसरी आहे. १९९७ साली ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खतं-सांडपाण्यामुळे पाणी गढूळ झालं आणि माद्यांना नरांचे रंग दिसेनासे झाले. लाल नराकडे जाणारी मादी आणि निळ्याकडे जाणारी मादी यांना फरक कळेना. प्रजाती एकमेकींत मिसळू लागल्या. कुणी मारलं नाही. कुणी उपाशी मेलं नाही. मासे तेवढेच, प्रजाती कमी. केमच्या पोटातून एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात सोडताना मला हेच आठवतं. पाण्याबरोबर अंडी जातात, पिल्लं जातात, रोगही जातात. जे भेटत नव्हते ते भेटतात.

इथवर लिहून मी ताईला वाचून दाखवलं आणि तिने मला थांबवलं.

ताई नर्स आहे. तिने लग्न मालेगाव तालुक्यात केलं, गिरणेच्या खोऱ्यात, स्वतःच्या पसंतीने आणि जातीबाहेर. आमच्या घरात त्यावरून दोन वर्षं अबोला होता. ती म्हणाली, ‘म्हणजे वेगळं राहिलं की चांगलं आणि मिसळलं की वाईट. हे मी आधी ऐकलंय. माझ्या लग्नात ऐकलंय.’

हा आरोप टाळता येत नाही. वेगळेपण म्हणजे संपत्ती, हे वाक्य आपल्या देशात उच्चारलं की त्याच्यामागे जात येऊन उभी राहते. हजारो वर्षं आपण माणसांच्या बाबतीत मध्ये डोंगर घालत आलो आहोत आणि त्यालाच परंपरेची विविधता म्हणत आलो आहोत. माझं उत्तर असं आहे, ते पुरेसं आहे का ते तुम्ही बघा. माणूस प्रजाती घडवण्याचं साधन नाही. कुणालाही, कुठल्याही विविधतेसाठी, खिंडीच्या या बाजूला थांब असं सांगायचा हक्क कुणाला नाही. ताई खिंड ओलांडून गेली ती स्वतःच्या पायांनी, तिला जायचं होतं म्हणून. खेकडाही कधी जातो. त्याने जाऊ नये असं मी म्हणत नाही. आक्षेप आहे तो डोंगरच काढून टाकण्याला, आणि तो काढताना ‘काहीच गेलं नाही’ असं म्हणण्याला.

पण उत्तर लिहितानाच लक्षात येतं की ते माझ्या भाषेपाशी अडखळतं. आमची कोकणी ही भाषा की बोली, हा प्रश्न खेकड्यांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. डार्विननेही १८७१ मध्ये भाषा आणि प्रजाती यांच्या घडण्यातलं साम्य सांगितलं होतं. शाळेत आमच्या बोलण्याला अशुद्ध मराठी म्हणायचे. मी शुद्ध शिकलो, पुण्याला गेलो, कोड इंग्रजीत लिहितो आणि हा लेख मराठीत. ताईची मुलगी अहिराणी बोलते, शाळेत मराठी. तिला कोकणीतलं ‘ये, जेव’ एवढं कळतं. एक फाटा आमच्या घरातच बंद होतो आहे आणि तो कुणी बांधलेल्या धरणामुळे नाही. आम्ही एकेक करून, आपापल्या भल्याचं बघत, चिठ्ठ्या काढल्या. मी भाचीला कोकणी शिक असं सांगणार नाही. पण ती संपताना तक्त्यात काही हललं नाही असंही कुणी मला सांगू नये.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी पोरांना सांगितलं की आकडा मिळणार नाही. त्यांची तोंडं उतरली. एक जण म्हणाला, ‘मग रकाना कोरा ठेवायचा? साहेबाला कोरा रकाना चालत नाही.’ आम्ही शेवटी रकानाच काढला. त्याजागी दोन परिच्छेद लिहिले: ओहोळात काय काय मिळतं, कोणत्या महिन्यात मिळतं, लोक त्याला काय म्हणतात, आणि केमच्या दोन्ही बाजूंच्या ओढ्यांतले खेकडे-मासे कुणी तज्ज्ञाने पाणी सोडण्याआधी शेजारी ठेवून बघावेत अशी मागणी. नावं सगळी कोकणीत दिली. काकाने सांगितली, मी टाईप केली. एका खेकड्याला त्याच्याकडे तीन नावं निघाली, वय आणि रंगावरून. मला एकच माहीत होतं. वाचायला हे निवेदन सातशेच्या आलेखापेक्षा बरंच फिकं आहे, हे मी कबूल करतो. खाली मी सही केली.

रात्री ताईला फोन केला. तिच्याकडे त्या दिवशी टँकर आला होता आणि दोन घरांत त्यावरून मारामारी झाली होती. मी सही केल्याचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बरं. तुझे खेकडे बघितले पाहिजेत, मान्य. आमची विहीरही येऊन बघ. पावसाळ्यात नको येऊस. मे महिन्यात ये, आणि आठ दिवस राहा.’

मी येतो म्हणालो. काकाने मागून ओरडून विचारलं, तिला बादलीतले खेकडे पाठवू का. ती म्हणाली, पाठव, पण मेलेले पाठव, नाहीतर हा पुन्हा लेख लिहील.